2020 मध्ये सीओई येऊनही जपानला जाता आलं नाही, आता परत प्रयत्न करावा का?

तुझा प्रश्न मी समजले तो असा. एप्रिल 2020 च्या इनटेकसाठी टोकियोतल्या एका लँग्वेज स्कूलला अॅडमिशन झालेली, फी भरलेली, सीओई (व्हिसासाठी लागणारं जपानी इमिग्रेशनचं पात्रता प्रमाणपत्र) हातात, आणि कोविडमुळे बॉर्डर बंद. सव्वा वर्ष वाट बघितलीस, 2021 च्या पावसाळ्यात सोडून दिलंस आणि नाशिकलाच अकाउंट्समध्ये नोकरी धरलीस. आता विचारतेयस की जे थांबले त्यांचं पुढे काय झालं, मी घाई केली का, आणि परत जायचं म्हटलं तर ते जुनं सीओई आडवं येईल का.

मी पुण्यात जपानी शिकवते, वीसेक वर्षं होत आली, लँग्वेज स्कूलच्या अर्जांची कामं पण बघते, आणि त्या दोन वर्षांत माझ्या वर्गातली बरीच मुलं याच रांगेत उभी होती. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाच. पण मुख्य दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. तू घाई केली नाहीस. आणि जुनं सीओई आडवं येत नाही, ते लपवलं तर मात्र नक्की येतं.

घाई का नाही हे कळायला त्यावेळी नेमकं काय काय झालं ते नीट बघायला हवं, कारण तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात ते एकच लांबलचक 'बंद' म्हणून बसलंय. तसं नव्हतं. ते उघडत होतं, बंद होत होतं, परत उघडत होतं, आणि मुलांना त्रास बंदचा झाला त्यापेक्षा जास्त या उघडझापेचा झाला. मार्च 2020 मध्ये तर पहिलं दार आपल्याकडूनच लागलं, आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, मग लॉकडाऊन. 27 मे पासून जपानने भारताला प्रवेशबंदीच्या यादीत टाकलं. जुलैची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा (एन5 सगळ्यात सोपी, एन1 सगळ्यात अवघड), जगभर रद्द झाली, म्हणजे घरी बसून अभ्यास केला तरी दाखवायला सर्टिफिकेट नाही अशी अवस्था. मग 1 ऑक्टोबर 2020 ला जपानने विद्यार्थ्यांसकट लांब मुदतीच्या व्हिसावाल्यांना आत घ्यायला सुरुवात केली, ज्यांचे कागद तयार होते आणि ज्यांना विमान मिळालं ते गेले, बाकीचे जानेवारी इनटेकची तयारी करत होते तोवर डिसेंबरच्या शेवटी नवीन लोकांना परत बंदी आणि जानेवारी 2021 मध्ये उरलेली सूटही गेली.

त्यानंतर आपल्याकडे डेल्टाची लाट आली. मे 2021 मध्ये जपानने भारतातून येणाऱ्यांसाठी इतकं कडक केलं की ज्यांच्याकडे जपानमध्ये राहायचा परवाना आहे, ज्यांचं तिथे घर आहे नोकरी आहे, अशा परदेशी लोकांनासुद्धा परत येऊ देणं थांबवलं. तू सोडलंस ते याच सुमारास. तेव्हा तुझ्यासमोर काय होतं ते आठव, घरोघरी माणसं आजारी, ऑक्सिजनसाठी धावपळ, जपानकडून कसलीही तारीख नाही आणि भारत त्यांच्या सगळ्यात कडक यादीत. त्या माहितीवर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने पगाराची नोकरी धरली तर त्यात चुकलं काय? निर्णय बरोबर की चूक हे त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून ठरवायचं असतं, नंतर काय झालं त्यावरून नाही.

आणि नंतर तरी काय झालं बघ. जुलै-ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिक झालं, जगभरातून खेळाडू, अधिकारी, पत्रकार आत आले आणि विद्यार्थी बाहेरच राहिले, तेव्हा वर्गातल्या मुलांना जे वाटलं ते मी विसरू शकत नाही. 8 नोव्हेंबर 2021 ला परत उघडलं, ज्यांचं सीओई सगळ्यात जुनं त्यांना आधी असा क्रम लावला होता, म्हणजे तू थांबली असतीस तर तुझा नंबर पहिल्या गटात आला असता. पण कागद इतके होते की शाळा ते जमवेपर्यंत ओमिक्रॉन आला आणि 30 नोव्हेंबरला सगळ्या नवीन परदेशी लोकांना पुन्हा दार बंद. तीन आठवडे फक्त. माझ्याकडच्या एका मुलाने त्या तीन आठवड्यांत नोकरीचा राजीनामा दिला होता.

जानेवारी 2022 मध्ये जपान सरकारने आपल्या शिष्यवृत्तीवाल्या विद्यार्थ्यांना अपवाद म्हणून आत घेतलं, पहिल्या टप्प्यात किती, तर 87. आणि बाहेर सीओई घेऊन थांबलेले विद्यार्थी होते सुमारे दीड लाख. स्वखर्चाने जाणाऱ्यांचा, म्हणजे लँग्वेज स्कूलवाल्या जवळपास सगळ्यांचा, नंबर शेवटीच. त्याच महिन्यात वेगवेगळ्या देशांत विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, शिक्षण म्हणजे पर्यटन नव्हे असं ते सांगत होते, आणि केइदानरेन ही जी जपानच्या मोठ्या उद्योगांची संघटना आहे तिच्या अध्यक्षांनीसुद्धा हे साकोकूसारखं झालंय असं म्हटलं, साकोकू म्हणजे तोकुगावा काळात जपानने बाहेरच्या जगाला दार लावून घेतलं होतं ते. एवढं होऊनही सरकार हललं नाही कारण जपानमधल्या बहुसंख्य लोकांना ही बंदी हवीच होती, आधीचे पंतप्रधान सुगा कोविडवरच्या नाराजीमुळे गेलेले आणि नवे पंतप्रधान किशिदा यांना पुढे उन्हाळ्यात निवडणूक. तुझ्या अर्जात काही कमी होती, तुझ्या शाळेने नीट प्रयत्न केले नाहीत, असलं काही नव्हतं. तेव्हा तुझा नंबर लागणारच नव्हता.

शेवटी 1 मार्च 2022 ला खरं उघडलं. रोज 5,000 लोक, 14 मार्चपासून 7,000, 10 एप्रिलपासून 10,000. शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवसांत विमानात रिकाम्या सीट असतील तर विद्यार्थ्यांना प्राधान्य अशी खास सोय केली होती. शाळेने ऑनलाइन नोंदणी करायची, तिची पावती मुलाला पाठवायची, मग व्हिसा, मग 72 तासांच्या आतली टेस्ट, आणि माझी मुलं भराभर गेली. रोजच्या आकड्याची मर्यादा पूर्ण उठली ती 11 ऑक्टोबर 2022 ला.

आता जे थांबले त्यांचं. सगळ्यांचं एकसारखं झालं नाही, आणि मी जे बघितलं त्यावरून फरक चिकाटीचा नव्हता. चिकाटी सगळ्यांकडेच होती गं. फरक दोन गोष्टींचा होता, भाषा पुढे सरकत राहिली का आणि हातात थोडा तरी पैसा येत होता का.

काही शाळांनी ऑनलाइन वर्ग सुरू केले होते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे सकाळी नऊचा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेपाचला. दुपारच्या बॅचवाल्यांना बरं पडायचं, त्यांचा एकचा वर्ग इथे साडेनऊला. पहाटे उठून मोबाईलच्या स्क्रीनवर चार तास कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली अक्षरं, बघायच्या, मध्येच नेट जायचं, घरात बाकीचे झोपलेले म्हणून मोठ्याने बोलायची चोरी, आणि जपानी भाषेत बोललंच नाही तर ती येतच नाही. तरी ज्यांनी हे वर्षभर नेटाने केलं त्यांचं वाचन आणि व्याकरण पक्कं झालं. पण एक मोठी अडचण नंतर कळली. शाळेने ऑनलाइन महिने कोर्समध्येच धरले असतील तर 2022 मध्ये मुलगी तिकडे पोचली तेव्हा कोर्सचे सहा-आठ महिनेच उरलेले. म्हणजे घर शोधायचं, बाइतो म्हणजे पार्टटाइम काम शोधायचं, आणि लगेच सेनमोन गाक्कोचे, म्हणजे व्यावसायिक कॉलेजचे, नाहीतर नोकरीचे अर्ज भरायचे, श्वास घ्यायला वेळ नाही. त्यातल्या काही जणी टिकल्या, आज तिकडे नोकरी करतायत. काही जणी थकून परत आल्या.

दुसरा गट तुझ्यासारखा, नोकरी धरलेला, पण त्यातल्या काहींनी जपानीशी संबंध असलेलं काम शोधलं. पुण्यात हे शक्य होतं, जपानी क्लायंटवाल्या आयटी कंपन्यांत भाषांतर, मीटिंगच्या नोट्स, टेस्टिंग रिपोर्ट वाचणं असलं काम एन3 च्या आसपासच्या मुलांना मिळत होतं. या गटाचं सगळ्यात चांगलं झालं असं मी म्हणेन. त्यातले काही मार्च 2022 नंतर लँग्वेज स्कूलला गेलेच नाहीत, एन2 करून थेट नोकरीच्या व्हिसावर गेले.

आणि तिसरा गट, ज्यांनी काहीच केलं नाही, फक्त वाट बघितली. त्यांना आळशी म्हणायची माझी तयारी नाही, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी 'पुढच्या महिन्यात उघडतंय' असा मेसेज यायचा, एजंट पण तेच सांगायचे, आणि पुढच्या महिन्यात जायचं असेल तर माणूस नोकरी कशी धरणार, कोर्स कसा लावणार? वडिलांनी एफडी मोडलेली, शेजारीपाजारी विचारतायत कधी जाणार, मुलींच्या घरी तर स्थळं बघायला सुरुवात झालेली. दोन वर्षांनी दार उघडलं तेव्हा यातल्या काहींचं एन5 सुद्धा विसरलं होतं. हे बघून मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यामुळे मी आता प्रत्येकाला आधीच सांगते की वाट बघायचीच असेल तर स्वतःशी तारीख ठरवून बघ आणि त्या तारखेपर्यंत भाषा आणि कमाई दोन्ही चालू ठेव.

एकूण चित्र सांगायचं तर जपानच्या लँग्वेज स्कूल्समध्ये मे 2019 ला 83,811 परदेशी विद्यार्थी होते, मे 2021 ला 40,567, आणि मे 2023 ला 90,719. म्हणजे संधी संपलेली नाही, उलट आधीपेक्षा जास्त मुलं जातायत. सरकारने 2033 पर्यंत एकूण चार लाख परदेशी विद्यार्थ्यांचं ध्येय ठेवलंय. पण म्हणून तुझा 2020 चा प्लॅन कपाटातून काढून तसाच वापरायचा नाही. तेव्हा तू नुकती पदवीधर होतीस, आता सत्तावीसची आहेस, चार वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव आहे, बी.कॉम. आहे. हातातले पत्तेच बदललेत.

पहिला विचार हा कर की तुला लँग्वेज स्कूल हवंय कशाला. भाषा शिकायला, की जपानला जायला? दोन्ही असेल तरी त्यातलं मुख्य कुठलं ते ठरव, कारण खर्च मोठा आहे, वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येन, वर राहणं-खाणं. येन त्यावेळच्यापेक्षा स्वस्त झालाय हे खरं पण टोकियोचं भाडं भाडंच आहे, फुकुओका किंवा ओकायामासारखी शहरं जरूर बघ. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला 28 तास काम करता येतं, लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत, पण त्या कमाईवर फी भरायचा हिशोब मांडू नकोस, त्यातून जेवणखाण आणि थोडं भाडं निघतं. आणि 28 तासांच्या वर गेलीस तर पुढच्या व्हिसाला त्रास होतो, याबाबतीत कुणाचंही ऐकू नकोस.

तू पदवीधर आहेस त्यामुळे तुला थेट नोकरीचा व्हिसा पण खुला आहे, ज्याला तिकडची मुलं गिजिनकोकू म्हणतात. अकाउंट्सच्या अनुभवासोबत एन2 असेल तर भारतात धंदा असलेल्या जपानी कंपन्यांत तुझा अर्ज वजनदार होतो. नाशिकला नोकरी करत एन4 वरून एन2 ला जायला प्रामाणिक अभ्यास धरून दोन-अडीच वर्षं लागतात. तिसरा रस्ता तोकुतेई गिनोचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांच्या व्हिसाचा, त्याचा भारताशी करार जानेवारी 2021 मध्ये झाला, केअरगिव्हिंग, हॉटेल, शेती, फॅक्टरी अशी कामं. चांगली कामं आहेत, त्यात कमीपणा काहीच नाही, पण तुझं शिक्षण आणि अनुभव बघता मी तुला तो पहिला सुचवणार नाही. माझं मत विचारशील तर आधी इथेच एन3 कर, आणि मग लँग्वेज स्कूल एक-सव्वा वर्षाचंच घे, ऑक्टोबर किंवा जानेवारी इनटेकचं, तिकडे राहून एन2 आणि नोकरी शोधणं दोन्ही एकदम. दोन वर्षांची फी भरायची तुला गरज नाही.

एन4 तू डिसेंबर 2019 ला पास झालीस म्हणतेस. जेएलपीटीचं सर्टिफिकेट एक्सपायर होत नाही, पण शाळा इंटरव्ह्यू घेते आणि तिथे पाच वर्षं भाषा बोलली नसेल तर दोन मिनिटांत कळतं. त्यामुळे अर्जाच्या आधी निदान सहा महिने वर्ग लाव, किती तास शिकलीस त्याचं सर्टिफिकेट पण नवीन मिळेल.

आता सीओईचं, हे नीट वाच. नवीन अर्जात यापूर्वी कधी सीओईसाठी अर्ज केला होता का, किती वेळा, असा सरळ प्रश्न असतो. हो लिहायचं. इमिग्रेशनकडे, म्हणजे न्यूकानकडे, तुझी जुनी फाईल आहे. 2020 चं सीओई वापरलं नाही म्हणून कुणाचा अर्ज अडल्याचं मी बघितलेलं नाही, त्या वर्षीची लाखभर मुलं त्याच नावेत होती आणि हे न्यूकानला आपल्यापेक्षा जास्त माहितीये. अर्ज अडतो तो दुसऱ्याच कारणाने, जुन्या आणि नव्या फाईलमधल्या गोष्टी जुळत नाहीत म्हणून. तेव्हा एजंटने फॉर्म भरलेला असतो, मुलीला माहीतच नसतं त्यात काय लिहिलंय, वडिलांचं उत्पन्न किती दाखवलंय, दहावीनंतरच्या गॅपला काय कारण दिलंय, कधीकधी न केलेल्या नोकरीचं पत्र पण जोडलेलं असतं. मग पाच वर्षांनी मुलगी खरं खरं लिहिते आणि दोन्ही कागद समोरासमोर ठेवल्यावर तीच खोटी दिसते. माझ्याकडे अशी केस आलीये आणि ती निस्तरायला दोन इनटेक गेले.

रियूशो, म्हणजे शिकायला का येतेय ते पत्र, त्यात 2020 ते आत्तापर्यंतचा काळ लपवू नकोस आणि त्याबद्दल रडगाणंही नको. सीओई कधी मिळालं, प्रवेशबंदीमुळे जाता आलं नाही, 2021 ला नोकरी का धरली, नोकरीत काय करतेस, आणि आता अकाउंट्ससोबत जपानी घेऊन पुढे नक्की काय काम करायचंय, हे एका पानात सरळ लिही. नोकरीचं अनुभवपत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म 16 जोड. स्पॉन्सर आधी वडील होते आणि आता ते रिटायर झाले असतील तर तुझी स्वतःची बचत आणि त्यांची एफडी मिळून दाखवता येतं, फक्त स्पॉन्सर का बदलला याच्या दोन ओळी लिहायच्या. नोकरी करून साठवलेला पैसा बँक स्टेटमेंटमध्ये महिन्यामहिन्याला वाढताना दिसतो, हे अर्जाच्या आधी पंधरा दिवस कुणाकडून तरी आणून टाकलेल्या मोठ्या रकमेपेक्षा कितीतरी चांगलं. नाशिकची ती चार वर्षं इथे तुझ्या उपयोगी पडतात.

शाळा निवडताना एक नवीन गोष्ट बघ. एप्रिल 2024 पासून जपानमध्ये लँग्वेज स्कूलना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यायचा कायदा लागू झालाय, जुन्या शाळांना त्यासाठी काही वर्षांची मुदत आहे, तर तुझ्या शाळेला मान्यता मिळालीये की अर्ज केलाय की काहीच नाही ते विचार. आणि फी भरायच्या आधी रिफंडचे नियम लेखी माग, व्हिसा नाकारला तर किती परत, आणि व्हिसा मिळूनही प्रवेशबंदीमुळे येता आलं नाही तर किती परत, हे दोन्ही वेगवेगळं विचारायचं. अर्ज तपासायची फी आणि अॅडमिशन फी सहसा परत मिळत नाही, पण ट्यूशनचं स्पष्ट हवं. शाळेने ईमेलवर उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी शाळा बघ. सीओई स्वतः आता ईमेलवर पण येतं, मार्च 2023 पासून, त्यामुळे कुरियरची वाट बघायची गरज उरलेली नाही, पण तारखेपासून तीन महिनेच चालतं हे लक्षात ठेव.

वेळेचं गणित सांगते. एप्रिल इनटेकचे कागद आदल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जातात, ऑक्टोबरचे मार्च ते मेमध्ये, शाळेप्रमाणे पुढेमागे. त्यामुळे या आठवड्यात एकच काम कर, 2020 च्या अर्जाची पूर्ण फाईल मिळव. एजंटकडे असेल तर ईमेल टाकून माग, फोनवर नको. तो दाद देत नसेल तर त्या टोकियोच्या शाळेलाच लिही, तुझं नाव, जन्मतारीख आणि इनटेक सांगून, शाळा बऱ्याचदा कॉपी ठेवतात. फाईल मिळाली की तीन पानं आधी बघ, शिक्षण आणि नोकरीचा तक्ता, स्पॉन्सरचं उत्पन्न, आणि जुना रियूशो. त्यात जे खरं नाही असं दिसेल ते कागदावर लिहून काढ आणि नवीन शाळेला अर्जाच्या आधी सांग, अर्ज गेल्यावर नाही.